पागोटेवाल्या पोत्याची मयत

मापुंडा बटाटे न्यायला आमच्या किटोवे गावात यायचा तेव्हा ट्रकातून आधी त्याचं हसणं उतरायचं, मग तो, आणि मग त्याची पोती. साधं पोतं त्याने कधी आणलंच नाही. पोतं गळ्यापर्यंत भरलं की तोंडाला दुसऱ्या पोत्याचा अर्धा तुकडा शिवायचा, त्यात वर ढीग रचायचा आणि दोरीची जाळी विणून तो ढीग आवळायचा. याला लुंबेसा म्हणतात. पोत्याने पागोटं घातल्यासारखं दिसतं. दाम एका पोत्याचा आणि माल दीड पोत्याचा. तोच मापुंडा तेच बटाटे दार-एस-सलाम शहराच्या बाजारात किलोवर विकायचा, हे आम्हाला माहीत होतं. आम्ही काही खुळ्या नाही.

मग गप्प का बसलो? कारण तो न्गोनी आणि आम्ही हेहे. खापरपणज्यांच्या काळात या दोन जमातींनी एकमेकांची डोकी फोडली, आणि फोडून फोडून दमल्यावर ठरवलं की यापुढे नुसती थट्टा करायची. तेव्हापासून आमचं उतानीचं, म्हणजे थट्टेचं नातं आहे. न्गोनी माणसाने माझ्या चुलीवरची मक्याच्या पिठाची उगाली उचलून खाल्ली, मला चारचौघांत गुलाम म्हटलं, तरी मी हसायचं. रागावले तर नाक माझंच कापलं जातं. मीही त्याची टोपी पळवू शकते, आणि मग हसायची पाळी त्याची.

मापुंडाने या नात्याचाच धंदा केला. पोतं भरलं की तो वर एक बादली ओतायचा आणि म्हणायचा, ही तुझे आजोबा माझ्या आजोबांना बघून पळाले त्याची. दुसरी ओतायचा, ही पळताना त्यांची चप्पल राहिली त्याची. सगळे पोट धरून हसायचे. हसणं थांबेपर्यंत चार बादल्या आत गेलेल्या असायच्या आणि जाळी विणून झालेली असायची. हसलेल्या तोंडाने भांडण कसं काढणार?

मग इरिंगाहून प्रकल्पवाल्या बाई आल्या. त्यांनी शाळेच्या फळ्यावर ‘बाजारपेठेशी जोडणी’ असं लिहिलं, तीन कप चहा घेतला आणि सांगितलं, एकत्र या, वजनावर विका. बाई गेल्या, फळा शाळेच्या मास्तरांनी पुसला, पण माझ्या डोक्यातलं पुसलं गेलं नाही. मी गावातल्या बटाटेवाल्या बायांच्या गटाची चिटणीस. माझी जीभ तिखट आहे हे गावाला ठाऊक आहे, त्या महिन्यात ती मी कामाला लावली. घरोघर जाऊन एकेक कोंबडी मागितली, चाळीस कोंबड्या विकल्या आणि वजनकाटा आणला. ट्रक लागतो त्या माळावर, अंजनाच्या फांदीला टांगला.

मापुंडाने काटा पाहिला, त्याच्या आकड्याला लोंबकळला आणि विचारलं, एवढ्या देखण्या माणसाचं वजन किती भरतं? सगळे हसले. मग त्याने हसत हसतच सांगितलं की घेईन तर पोत्याने, पागोट्यासकट. नाहीतर नको. आणि रिकामा ट्रक घेऊन गेला. पुढच्या आठवड्यातही तसंच. आमच्या चढाच्या रस्त्यावर दुसरे व्यापारी येत नाहीत, आणि जे आले असते त्यांना त्याने येऊ नका म्हणून आधीच सांगून ठेवलेलं. इकडे खाटांखालच्या बटाट्यांना कोंब फुटले. गटातली स्कोलास्टिका पाणवठ्यावर मला ऐकू जाईल असं म्हणाली की त्या कोंबडीचा निदान रस्सा तरी झाला असता. तेवढ्यात मापुंडाचा निरोप आला: मंगळवारी शेवटचा येतो, त्यानंतर माकाम्बाकोकडचा माल धरणार.

म्हणजे मंगळवारी त्याच्या पद्धतीने माल भरायचा, नाहीतर माल घरात सडवायचा. दोन्हीकडून तोंड काळं होणार होतं ते माझं. गट मोडला असता तो माझ्या नावाने. काट्यावर कोंबड्या बसल्या असत्या म्हणावं, तर कोंबड्याही विकलेल्या.

तेव्हा लेओकाडिया आजी पुढे झाली. गावात सगळ्यांत म्हातारी, डावा पाय अधू, आणि मापुंडाची सगळ्यांत आवडती थट्टेकरीण. दहा वर्षं तो तिला सांगत आला होता की म्हातारे, तू मेलीस की तुझ्या खड्ड्यात पहिला मी झोपणार. आमच्याकडे तशी रीतच आहे. मयताला थट्टेकरी येतात, मेलेल्याचे कपडे घालून त्याची नक्कल करतात, खड्ड्यात उतरून आडवे होतात, आणि घरच्यांनी काहीतरी हातावर ठेवल्याशिवाय उठत नाहीत. रडणारी माणसं हसतात. आणि लाकडं फोडायला, पाणी वाहायला तेच थट्टेकरी सर्वांत पुढे असतात.

आजीचा बेत असा की आपण लुंबेसाची मयत करू. पोतं मापुंडाचं, त्याने शिवलं, त्याने वाढवलं, तेव्हा तो त्याचा बाप. ज्याच्या घरी मयत, त्याने थट्टेकऱ्यांना द्यायचं असतं. आपण थट्टेकरी. ट्रकापुढे आडव्या पडू आणि काटा मान्य केल्याशिवाय उठणार नाही.

खड्डा खणायचं काम माझ्या नवऱ्याला, देओला दिलं. त्याने आयुष्यात माणसाचीच थडगी खणलेली, त्यामुळे त्याने हिशेबाने खोल, लांब, काटकोनात खड्डा खणला. मी म्हटलं, अहो, पोतं आहे. तो म्हणाला, काम करायचं तर नीट करायचं. आजीने मागे राहिलेलं एक पागोटेवालं पोतं कोंड्याने भरलं आणि पांढऱ्या कापडात गुंडाळलं. मंगळवारी सकाळी ट्रकाची घरघर खालच्या पुलापाशी ऐकू आली तशी आजी पोत्याचं शेवटचं आवळायला माळाकडेच्या आपल्या घरात गेली आणि आम्ही बायांनी कमरेला कांगा, म्हणजे आमचं रंगीत कापड, बांधून गळा काढला.

चूक झाली ती इथे. आम्ही फार चांगलं रडलो. पलीकडच्या टेकडीवरच्या बाया पिठाच्या टोपल्या डोक्यावर घेऊन निघाल्या, पुरुष लाकडाच्या मोळ्या घेऊन. पुलापाशी चिखलात अडकलेल्या मापुंडाने त्यांतल्या कुणाला तरी विचारलं, कोण गेलं? त्या माणसाला काय माहीत, पण किटोवेत मरायच्या वयाचं दुसरं होतं कोण? तो म्हणाला, लेओकाडिया आजी असणार.

मापुंडा ट्रक तिथेच सोडून चढ चालत आला. त्याचं हसणं आलं नाही, तो एकटाच आला. माळावर खड्डा पाहिला, दारातून आतलं पांढरं गाठोडं पाहिलं, आणि टोपी काढून आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. मी जवळच होते. त्याचे खांदे हलत होते. त्या माणसाने दहा वर्षं आम्हाला लुबाडलं होतं, तरी मला त्या क्षणी त्याची माया आली, हे मी लपवणार नाही. त्याला खरं सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, पण तोवर त्याने डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि कामाला लागला.

त्याने वळणीवरचा आजीचा कांगा ओढून कमरेला गुंडाळला, एक काठी घेतली आणि डावा पाय ओढत माळावर फिरू लागला. हुबेहूब आजी. आजीच्या किरट्या आवाजात तो त्या गर्दीपुढे बोलू लागला:

“अरे मापुंडा, गुलामा, चोरा, एका पोत्याचे पैसे देतोस आणि दीड पोतं नेतोस. तुझ्या पोत्याला पागोटं, आणि माझ्या डोक्याला फाटका कांगा. आजोबा पळाले म्हणून किती बादल्या घेणार? ते पळाले, पण इतके लांब नाही पळाले.”

लोक रडता रडता हसले. पलीकडच्या टेकडीचे पन्नासेक जण ऐकत होते. आपण आपलंच सगळं सांगतोय हे त्याच्या ध्यानात आलं नाही, इतका तो रंगात आला होता. मग तो खड्ड्यात उतरला, छातीवर हात ठेवून आडवा झाला आणि ओरडला की पागोट्यासकट तीन पोती दिल्याशिवाय म्हातारीला जागा मिळणार नाही.

तेवढ्यात देओने आणि आणखी एकाने ते पांढरं गाठोडं खड्ड्याच्या काठावर आणून ठेवलं. त्यांच्या मागून लेओकाडिया आजी काठी टेकत आली आणि खाली वाकली.

“गुलामा, जरा सरक. तुझ्या लेकराला जागा दे.”

मापुंडाने डोळे उघडले. आधी तो आजीकडे बघत राहिला, तोंड उघडं टाकून. मग आजीने कापड बाजूला केलं आणि त्याला आपलं पोतं दिसलं, आपल्या हाताने विणलेल्या जाळीसकट. तो रागावला असता तर संपलं होतं. त्याच्या न्गोनी मुलुखात, सोंगेयापर्यंत बातमी गेली असती की मापुंडाला थट्टा पचली नाही, आणि त्याच्याबरोबर कुणी माणूस बांबूची दारू प्यायला बसला नसता. पण रागावून ट्रक घेऊन गेला असता तर आमचंही संपलंच होतं. त्याच्या तोंडावर राग आला, लाज आली, आणखी काय काय आलं. मी मनात सगळे संत आठवले.

“तू मेली नाहीस,” तो शेवटी म्हणाला.

“तुझी इच्छा असेल तर मरते की.”

“म्हातारे, मी रडलो ना.”

“मी पाहिलं,” आजी म्हणाली. मग लगेच तिने त्याला हिशेब समजावला. मेलंय त्याचं पोर. बाप तो. थट्टेकरी आम्ही. तेव्हा द्यायचं त्याने, आणि दिल्याशिवाय खड्ड्यातून वर यायला दोर मिळणार नाही. देओने खड्डा खरंच फार नीट खणला होता.

मापुंडा हसायला लागला. आधी नाकातून, मग पोटातून, मग तो खड्ड्यात बसून मांड्यांवर थापा मारायला लागला. किलोच्या भावावरून तो खालून आणि आजी वरून बराच वेळ घासाघीस करत होते. पलीकडच्या टेकडीच्या लोकांनी आपल्या पिठाची उगाली शिजवली आणि खात खात दोघांना सल्ले दिले. शेवटी खालून आवाज आला, घ्या काट्यावर. आम्ही दोर टाकला. कोंड्याचं पोतं त्याच्या जागी गेलं आणि त्याच्यावर पहिली ढेकळं त्याच्या बापानेच लोटली.

इथे थांबले तर मी फार शहाणी दिसेन. पण खोटं कशाला बोलू?

माझ्या चौथ्या पोत्यात, बटाट्यांच्या खाली, दोन दगड होते. मुठीएवढे. मीच टाकले होते. माझे बटाटे यंदा बारके निघाले होते, आणि काटा आणा म्हणून गावभर फिरलेल्या बाईचंच पोतं सगळ्यांत हलकं भरावं याची मला धास्ती होती. शिवाय वाटलं, मापुंडा काट्यात काहीतरी करणारच, मग आपण आधी केलेलं बरं. त्याने इतकी वर्षं फसवलं की फसवणूक मला मापाचाच भाग वाटायला लागली होती.

पुरुष चिखलातला ट्रक ओढून वर आणत होते, तोवर मापुंडा प्रत्येक पोत्यात कोपरापर्यंत हात घालून माल बघत होता. माझ्या चौथ्या पोत्यात त्याचा हात थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं. शेजारी स्कोलास्टिका वही घेऊन उभी, मागे अख्खा गट. तो एक शब्द बोलला असता तर काटा, कोंबड्या, सगळं फुकट गेलं असतं. मला त्या खड्ड्यात उडी घ्यावीशी वाटली, पण तो भरून झाला होता.

त्याने लोकांकडे पाठ केली, एक दगड एका खिशात घातला, दुसरा दुसऱ्या, आणि पोतं आकड्याला लावलं. हलकंच भरलं. स्कोलास्टिकाने निमूटपणे आकडा लिहिला. मग उरलेला सगळा दिवस मापुंडाची पँट खाली घसरत होती आणि तो एका हाताने ती वर ओढत होता. लोकांना वाटलं, हीसुद्धा थट्टाच. ते हसून हसून बेजार झाले.

आता तो दर पंधरा दिवसांनी येतो आणि वजनावर माल नेतो. पागोटेवालं पोतं आमच्या टेकडीवर कुणी आणत नाही. आणलं की बाया गळा काढतात. मापुंडा ट्रकातून उतरला की आजीला विचारतो, अजून आहेस का, आणि मग सगळ्यांसमोर मोठ्याने मला म्हणतो, फुराहाची आई, यंदा तुमच्या शेतात दगडांचं पीक कसं आहे? गाव हसतं. सगळ्यांत मोठ्याने मी हसते आणि त्याला गुलाम म्हणते.

ट्रक येण्याच्या आदल्या दिवशी मी माझी सगळी पोती अंगणात उलटी करते आणि एकेक बटाटा हातात घेऊन बघते. देओ विचारतो, काय हरवलंय? मी त्याला सांगत नाही.