फक्त तिचा आवाज

छापखान्यातल्या मोठ्या मशिनशेजारी चौतीस वर्षं उभं राहिल्यावर कान शाबूत राहतील, अशी अपेक्षा खुद्द मशिनमनलाही नव्हती. निवृत्तीच्या आधीपासूनच बाइंडिंगमधली मंडळी म्हणायची, "याच्याशी बोलायचं तर आधी छापून आणा." तोही हसायचा. समोर माणूस असला की ओठांवरून, हातवाऱ्यांवरून निभावून जायचं. फोनवर ओठ दिसत नाहीत. आणि फोनवर त्याची मुलगी असायची.

बायको गेल्यापासून दर बुधवारी आणि रविवारी, दुपारी बाराच्या सुमारास मुलीचा फोन यायचा. ती बसनं सात तासांवर, दुसऱ्या शहरात. आई गेली तेव्हाच तिनं बजावून ठेवलं होतं, "बाबा, तुम्हाला दिसेनासं किंवा ऐकू येईनासं झालं ना, की मी येऊन तुमचं सामान बांधणार. एकटं ठेवायची नाही." ती मायेनं बोलली होती, पण त्यानं धास्तीच घेतली. तिचं दोन खोल्यांचं घर, नवरा-बायको दोघं नोकरीवर. तिथं आपण कोपऱ्यातली अडगळ होणार, हे त्याच्या मनानं घेतलं. कानाच्या डॉक्टरांनी यंत्र घ्या म्हणून सांगितलं, तो कागद त्यानं कपाटात खाली सारून दिला. यंत्र कानावर दिसलं असतं.

पण मुलीचा आवाज बारीक, आणि त्याच्या कानांनी नेमकी वरची पट्टीच सोडून दिली होती. सूर कळायचा, शब्द नाही. शेवटी तो जिन्याखालच्या त्या दुकानात गेला, जिथं फोन दुरुस्त करणारी एक बाई डोळ्याला भिंग लावून बसायची.

"मुलगी बोलते ते साठवून ठेवायचंय," त्यानं सांगितलं. "मग निवांत, मोठ्यानं लावून ऐकेन."

"या फोनवर कंपनी असलं काही करू देत नाही, काका. आधी कंपनीचं कुलूप तोडावं लागेल. जेलब्रेक म्हणतात त्याला."

"म्हणजे फोन तुरुंगात होता होय?"

"होता. आता सुटेल. पण उद्या काही बिघडलं तर कंपनी ओळख दाखवायची नाही." ही वाक्यं तिनं दोनदा, तोंड वर करून म्हटली. त्याचे कान कसे आहेत ते तिच्या केव्हाच लक्षात आलं होतं.

"कंपनीशी माझी कुठं सोयरीक जुळवायचीय! तोडा."

तिनं कुलूप तोडलं, रेकॉर्डिंगचं अॅप बसवलं. पण पहिल्याच फोनला घोटाळा झाला. सुरुवातीलाच एका यांत्रिक बाईनं 'हा कॉल रेकॉर्ड होत आहे' असं जाहीर केलं आणि मुलीनं विचारलं, "बाबा, हे मध्ये कोण कडमडलं?" हे त्याला कळलं ते संध्याकाळी, रेकॉर्डिंग ऐकताना. दुसऱ्या दिवशी तो परत दुकानात.

"त्या बाईला गप्प करा."

दुरुस्तीवालीनं भिंग वर सरकवलं. "काका, समोरच्याला कळू न देता रेकॉर्ड करणं बरं नव्हे."

"माझीच मुलगी आहे ती. मी काय चोरी करतोय? ती काय म्हणते ते मला कळावं, एवढंच आहे."

तिनं भिंग परत डोळ्यावर ओढलं. मग अॅपच्या पोटात शिरून तिनं त्या घोषणेच्या जागी तेवढ्याच लांबीची शांतता बसवली. आणि एकदा हात घातलाच आहे म्हटल्यावर बाकीचंही त्याच्या मापानं बेतून दिलं. फक्त मुलीचाच नंबर रेकॉर्ड व्हायचा. लावताना वेग कमी, वरची पट्टी चढवलेली. शिवाय दोघांचे आवाज वेगवेगळे साठवायचे. "तुमचा आवाज मोठा येतो, त्याखाली तिचा दबतो. ऐकताना फक्त तिचाच लागेल, असं करते."

"करा. माझं मला काय ऐकायचंय? मी काय बोललो ते मला ठाऊक आहे."

पुढचे तीन महिने त्याचं बरं चाललं. फोन आला की तो 'हो', 'वा', 'छान', 'बघू' यांच्या आधारानं वेळ मारून न्यायचा; आवाज चढला तर हसायचं, उतरला तर 'हं' म्हणायचं, सगळं अंदाजपंचे. मग जेवण उरकून हेडफोन लावून, वही घेऊन बसायचा. मुलगी संथपणे, थोड्या घोगऱ्या आवाजात बोलत राहायची आणि तो टिपून घ्यायचा. आईची शाल कुठं ठेवलीत? गुडघा कसा आहे? पुढच्या फोनला ती 'हॅलो' म्हणायच्या आत तो सगळी उत्तरं देऊन टाकायचा. "बाबा, तुमच्या लक्षात किती राहतं हो!" ती म्हणायची. हेही त्याला नंतर ऐकतानाच कळायचं, पण त्या रात्री त्याला दोन घास जास्त जायचे.

तिला दिवस गेल्याचंसुद्धा त्याला असंच हेडफोनमधून कळलं. एकोणचाळिसाव्या वर्षी, सगळ्यांनी आशा सोडल्यावर. त्याला आनंद झाला, पण त्याहून भीती जास्त वाटली. पुढच्या फोनमध्ये तो बोलून गेला, "या वयात कशाला जिवावर उदार होतेस?" त्यावर ती काय म्हणाली तेही त्यानं नंतर ऐकलं. ती एवढंच म्हणाली होती, "असं नका ना म्हणू." त्याला चुटपुट लागली. पुढच्या वेळी भरपाई करायची त्यानं ठरवलं. मग वहीत दुसरंच काही लिहिलं गेलं आणि ते राहूनच गेलं.

त्या बुधवारी फोन नेहमीपेक्षा उशिरा, एक वाजता आला. मुलीचा आवाज आधी खाली होता, मग एकदम वर गेला, तुटक तुटक. ती हसतेय, असं त्याला वाटलं. तोही हसला. फोन लवकर संपला. त्यानं जेवण केलं, ताट घासलं, ओटा पुसला आणि हेडफोन लावले.

"बाबा," मुलगी म्हणाली. मग बराच वेळ नुसता श्वास. "बाबा, बाळ गेलं. सकाळी. पाचवा महिना लागला होता हो." आणि मग ते, जे त्याला हसू वाटलं होतं. संथ केलेल्या आवाजात ते रडणं कितीतरी लांबलं.

त्यानंतर एक मोकळी जागा होती. तिथं तो बोलला होता.

"काय म्हणालात?" मुलगी म्हणाली. पुन्हा मोकळी जागा. "बाबा, तुम्ही काय म्हणताय?" पुन्हा तेच. मग अगदी सपाट आवाजात, "बरं. ठेवते."

मोकळ्या जागेत आपण काय बोललो ते आठवायचा त्यानं खूप प्रयत्न केला, पण काही केल्या आठवेना. त्यानं फोन लावला. तिनं उचलला नाही. परत लावला. मग चपला अडकवून तो दुकानात गेला.

दुरुस्तीवाली गिऱ्हाइकाशी बोलत होती. त्याचा चेहरा पाहून तिनं गिऱ्हाइकाला थांबवलं.

"माझा आवाज लावा," तो म्हणाला. "आजच्या फोनमधला. माझा."

तिनं आधी स्वतः ऐकलं. तिचा हात फोनवर तसाच राहिला. हेडफोन काढून ती त्याच्याकडे तोंड करून म्हणाली, "काका, नका ऐकू."

"द्या."

त्यानं ऐकलं. स्वतःचा आवाज त्याला ओळखू आला नाही. लग्नघरातल्या कुणा खुशालचेंडू पाहुण्याचा वाटला. "वा, वा! छान झालं," तो आवाज म्हणत होता. ती 'काय म्हणालात' म्हणाली त्यावर, "म्हटलं बरं झालं एकदाचं! उगाच जिवाला घोर." आणि शेवटी, मोठ्यानं हसून, "चला, मजेत राहा."

दुरुस्तीवालीनं त्याला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. "लिहून कळवा तिला," ती म्हणाली. "आत्ता, इथंच. मी लिहून देते हवं तर."

"नको. असलं लिहून नाही कळवायचं," तो म्हणाला आणि तिथूनच बसस्टँडवर गेला. बस लगेच मिळाली नाही. तो दुसऱ्या दिवशी सकाळी पोचला.

दार जावयानं उघडलं. जावई दारातच उभा राहिला. या म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. मग बाजूला झाला. आतल्या खोलीत मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती काहीतरी बोलली. त्याला तिची पाठ हलताना दिसली तेवढीच.

"माझ्याकडे वळून बोल," तो म्हणाला. "मला ऐकू येत नाही."

ती वळली नाही. त्यानं परत म्हटलं, "ऐकूच येत नाही गं मला. काल तू काय सांगितलंस ते मला कळलंच नाही. मी सगळं उगाच बोलत असतो. तुझं बोलणं नंतर लावून ऐकतो." आणि त्यानं जमेल तसं, उलटसुलट, सगळं सांगून टाकलं: कुलूप, गप्प केलेली बाई, वही.

ती हळूहळू उठून बसली. तिचा चेहरा सुजला होता. "किती दिवस?" तिनं विचारलं. हे त्याला ओठांवरून कळलं.

"दीड वर्ष होत आलं. रेकॉर्डिंग तीन महिन्यांपासून."

"म्हणजे मी एकटीच बोलत होते?"

त्यानं मान डोलावली.

"काल रात्रभर," ती म्हणाली आणि थांबली. मग त्याला दिसेल असं, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "काल रात्रभर मी म्हणत होते, बाबांना बाळ नकोच होतं."

तो खाली बसला. ती पुन्हा आडवी झाली, पण भिंतीकडे वळली नाही.

तो तिथं बारा दिवस राहिला. भाज्या चिरायचा, कपडे वाळत घालायचा, जावयाबरोबर न बोलता चहा प्यायचा. चौथ्या दिवशी जावई त्याला घेऊन कानाच्या डॉक्टरकडे गेला आणि यंत्र घेऊन आला. यंत्रानं खोलीतलं बोलणं थोडं कळू लागलं, फोनवरचं नाहीच. मुलगी त्याच्याशी कामापुरतं बोलायची. राग गेला होता असं नाही, पण तो जेवला की नाही ते ती पाहायची. एकदा तिनं ती रेकॉर्डिंगं मागितली, हेडफोन लावून एक-दोन ऐकली आणि फोन परत दिला. "मी किती बडबड करते," एवढंच म्हणाली.

निघायच्या आदल्या दुपारी तो खिडकीपाशी शर्टाचं बटण लावत बसला होता. मुलगी येऊन समोरच्या खुर्चीवर बसली. तिनं बाळासाठी एक नाव ठरवलं होतं. नवऱ्याशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. ते तिनं सांगितलं.

त्याला नीटसं कळलं नाही. जिभेवर 'वा' आलं होतं, ते त्यानं गिळलं.

"काय म्हणालीस? परत सांग."

तिनं परत सांगितलं. पहिलं अक्षर लागलं, पुढचं निसटलं.

"अजून एकदा, बाळ."

तिनं खुर्ची पुढे ओढली, त्याचा हात धरला आणि तिसऱ्यांदा सांगितलं. या वेळी त्याला कळलं. त्यानं ते नाव स्वतः म्हणून दाखवलं, बरोबर आहे का म्हणून. तिनं मान हलवली आणि मग दोघंही रडली.