मागच्या सीटचं वजन

मागच्या चाकांचे सांधे धरणारे रबरी बुश झिजल्यापासून हिंदुरावांच्या जुन्या व्हॅनची मागची सीट घरी उशिरा पोचू लागली होती. स्टिअरिंग, पुढची चाकं आणि हिंदुराव दिवेलागणीला दारात हजर असत. मागची चाकं, कपबशांची खोकी आणि त्यांची बायको शालन जेवणवेळ टळून गेल्यावर येत. व्हॅन मध्येच कुठं तुटली होती असं नाही. पुढचं पुढं यायचं आणि मागचं मागनं, एवढंच. गल्लीनं चार दिवस नवल केलं आणि मग सोडून दिलं.

दोघं आठवडी बाजारांत कपबशा विकत. शालन मागं खोक्यांना हात लावून बसायची आणि हिंदुराव पुढून तिच्याशी बोलायचे. आता त्यांनी भर उन्हात "अगं, पाणी पी" म्हणावं आणि तिनं ते गारवा सुटल्यावर ऐकावं, अशी गत झाली होती. गेल्या सोमवारची ती मंगळवारी उगवली. एक दिवस ती येणारच नाही, या धास्तीनं हिंदुरावांना घास गिळवेना.

"मागं एवढा येळ काय करतीस?" त्यांनी विचारलं.

"बसती की. तुमची खडखड पुढं निघून जाती. बरं वाटतं."

हे उत्तर त्यांना मुळीच आवडलं नाही. पुढचा बाजार सकाळीच उरकून ते घरी न जाता थेट दस्तगीर मिस्त्रींच्या गॅरेजात शिरले. मागचा भाग अजून वाटेत होता.

मिस्त्रींनी फळीवर दोन बुश ठेवले. एक काळ्या रबराचा, दुसरा पिवळा, नख न रुतणारा.

"काळा मऊ हाय. कपबशा शाबूत ऱ्हातील. पण कधी ना कधी ढिला पडणार, म्हंजे वहिनी परत मागं. पिवळ्यानं सगळं एकदम पोचंल, पण रस्त्यातला खडान् खडा अंगाला कळंल. वहिनींस्नी इचारा."

"ती यायची हाय अजून."

"मग थांबा."

हिंदुरावांनी काळा बुश हातात घेतला. तळव्याच्या उबेनं तो आणखी मऊ झाला, तशी गॅरेजची मागची भिंत हातभर लांब सरकली. त्यांनी तो झटकन खाली ठेवला.

"पिवळाच बसवा."

मिस्त्रींनी पिवळे बुश नुसते बसवले, तोच मागची चाकं, खोकी आणि सीट येऊन पुढच्याला चिकटली. सीट रिकामी होती.

"येतील वहिनी," मिस्त्री म्हणाले. "त्या बसल्या की मगच बोल्ट आवळायचे. गाडी चाकांवर उभी पाहिजे आन् रोजचं वजन जागच्या जागी पाहिजे. आवळताना जे बसलेलं आसंल, तेच गाडी धरून ठेवती."

पण हिंदुरावांना धीर कुठला! बोल्ट आवळले की तीही ओढली जाईल, असं त्यांनी आपल्या मनानंच ठरवून टाकलं. शेजारच्या दुकानातून त्यांनी तांदळाचं पोतं आणलं आणि शालनच्या जागेवर बसवलं.

"वहिनींचं वजन एवढंच हाय?" मिस्त्रींनी विचारलं.

इतक्या वर्षांच्या संसारात हे त्यांना कधी कळलं नव्हतं. "आसंल एवढंच," ते म्हणाले. मिस्त्रींनी मान हलवली आणि बोल्ट आवळले.

उन्हं कलल्यावर शालन रस्त्यानं आली. ती बसलेलीच होती, जमिनीपासून सीटभर उंच, तिथं नसलेल्या खोक्यांवर हात ठेवून. व्हॅनच्या रोजच्या वेगानं येत होती आणि खड्डा आला की जराशी उडत होती. गॅरेजसमोर आली तरी तिचा वेग कमी झाला नाही.

"अगं, थांब की!" हिंदुराव ओरडले.

"मी कशी थांबू?" ती शांतपणे म्हणाली. "ब्रेक तुमच्याकडं हाय."

हिंदुराव धावत जाऊन स्टिअरिंगमागं बसले आणि दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. समोरच्या काचेतून शालनची पाठ लहान होत चालली होती. ब्रेकसरशी मागचं पोतं तेवढं पुढं कललं आणि त्यांच्या खांद्याला टेकलं.