पाच वर्षं लाभांश नाही

माझ्या बापाला निर्णय घेता येत नाही असं नाही. शेवंती कधी तोडायची, वांगी अकोल्यात विकायची की अमरावतीला न्यायची, हे तो उभ्या उभ्या ठरवतो. पण त्या दिवशी कारखान्याच्या बैठकीत शालिकराम नावाचा हा माणूस टोपी मांडीवर ठेवून खाली बघत बसला आणि म्हणाला, “रागिणी म्हणंल तसं.” रागिणी म्हणजे मी. मला असा राग आला की उठावं आणि सासरची, अमरावतीची एसटी धरावी. त्याचंही खरं होतं म्हणा. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

कारखाना माझ्या थोरल्या भावाचा, मनोजचा. बिटकॉइन, म्हणजे संगणकावरचं आभासी चलन, काढणारी यंत्रं तो अकोल्याच्या एमआयडीसीत जोडायचा. चिपा परदेशातून यायच्या. पेटी, पंखे आणि जोडणी इथली. ही यंत्रं दिवसरात्र चालतात आणि भट्टीसारखी तापतात. अकोल्याच्या मे महिन्यात टिकलं ते जगात कुठंही टिकेल, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. गावाला मात्र वाटायचं, आमच्या घरी यंत्रातून नाणी पडतात. मनोजचा नियम साधा होता. नफ्यातला तिसरा हिस्सा दरवर्षी भागधारकांना लाभांश म्हणून वाटायचा आणि बाकीचा धंद्यात ठेवायचा. भागधारक म्हणजे आम्ही घरचेच.

गेल्या उन्हाळ्यात कारखान्यातच छातीत कळ येऊन मनोज गेला. त्याचे शेअर वर्षाली वहिनीच्या नावावर झाले. कारभार धाकट्या शुभमकडे आला. संचालक आम्ही तिघं, बाबा, शुभम आणि मी. मला मनोजनं कागदापुरतं घेतलं होतं. सही करायची आणि चहा पिऊन परत जायचं, एवढंच माझं काम.

यंदा शुभमनं नवं धोरण मांडलं. पाच वर्षं लाभांश नाही. दर दीड-दोन वर्षांनी नवी चिप येते, जुनं यंत्र भंगारात जातं, बिटकॉइनचा भाव पडला की मागणी आटते, म्हणून सगळा नफा धंद्यातच राहायला हवा. बोलला नीट. पण त्याला पगार होता, वहिनीला नव्हता. लाभांश थांबला की तिच्या हातात काहीच येणार नव्हतं. खाण्यापिण्याची ददात नव्हती, पण मनोज गेल्यापासून लेकीची, खुशीची चप्पल तुटली तरी दिराकडे हात पसरायचा. तो कधी नाही म्हणाला नाही. विचारावं लागायचं, हेच दुखणं. एकदा फोनवर मला म्हणाली होती, “ताई, मागून मागून माह्या जिभेले घट्टे पडले.”

मी म्हटलं, जेवून येऊ, मग बोलते. निघताना शुभम गाडीपाशी आला. खाली मान घालून म्हणाला, “ताई, मायनं तुले सांगतलं नाही काय? पैसा हातात आला का वहिनी खुशीले घेऊन अमरावतीले जाते. माय रडून राहिली होती. म्हणे, तेवढं थांबव.”

“मंग ते चिपाचं काय सांगत होता?”

“तेबी खरंच हाय.”

म्हणजे धोरण कारखान्याचं नव्हतंच. नात घरात राहावी म्हणून सुनेचा पैसा अडवायचा होता. चिपांचं कारण हाताशी आलं, एवढंच. मला आईची कीव आली आणि तितकीच चीडही. घरी आईनं भाकर वाढली, समोर बसली आणि माझा हात धरून म्हणाली, “मनोज गेला. त्याचा चेहरा त्या पोरीत पायते मी. तेबी नेऊ देतं काय तू?”

माणिकबाई, माझी आई, कुणापुढं वाकली नव्हती कधी. पण आत चुलीपाशी वहिनी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं आणि ती तव्यावरची भाकर उलटत होती. ज्या घरात आपलं राहणं-जाणं दुसरे ठरवतात, तिथं बोलून करायचं काय? मीही लेक, मीही सून. शेतातला माझा हक्क मी हक्कसोडपत्र करून सोडून दिला होता, आपखुशीनं, माहेर उघडं राहावं म्हणून. पण सोडायचा की नाही हे मला कुणीतरी विचारलं होतं.

“पोरीले जीव लावून ठेव माय,” मी म्हटलं. “तिच्या मायचे पैसे अडवून काहून ठेवतं?”

आईनं हात सोडला. “असं केलं तं या घराची पायरी चढू नको.”

दुपारी मी मनोजच्या नियमाच्या बाजूनं मत दिलं. बाबांनी माझ्यामागं हात वर केला. शुभमनं वाद घातला नाही. मला वाटतं, त्याच्या डोक्यावरचंही ओझं उतरलं. वार्षिक सभेत लाभांश मंजूर झाला.

आईला जी भीती होती तेच झालं. जूनमध्ये वहिनीनं अमरावतीला, माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे, खोल्या घेतल्या. खुशी तिथल्या शाळेत जाऊ लागली. निघताना वहिनी सासूच्या पाया पडली तेव्हा दोघी गळ्यात गळा घालून रडल्या म्हणे. मी तिथं नव्हते. मला पायरी बंद होती.

एका घरात असताना या सासू-सुना कामापुरतं बोलायच्या. आता रोज संध्याकाळी फोन असतो. वहिनी भाजीत तिखट किती घालू विचारते, आई उगाच चार गोष्टी वाढवून सांगते, सुटीत नात आजीकडे जाते. परवा फोन आला तेव्हा खुशी माझ्याकडे होती. “आजी, आत्या इथंच बसली हाय,” ती म्हणाली आणि तिनं स्पीकर लावून फोन माझ्यापुढं धरला. पलीकडे आईचा श्वास ऐकू येत होता. मी “माय” म्हटलं. आईनं विचारलं, “जेवली काय व बाई?”

मी तोंड उघडलं, तेवढ्यात आई म्हणाली, “सांग ना खुशे.” ते खुशीला विचारलेलं होतं.