पहिल्या तेलाचा डबा

“मागायचं ते नीट नाव घेऊन माग, बाळ. आणि एकदा बोललीस की फेड. मधे कुणापाशी वाच्यता करू नकोस.”

आसिमीनाच्या आईचं हे सांगणं. आई जाऊन बरीच वर्षं झाली, पण संध्याकाळी तसबिरीपुढचा दिवा लावताना तोच आवाज कानाशी यायचा. आसिमीनाने ते सांगणं आजवर पाळलं होतं. बुधवार-शुक्रवार दूध-मांस वर्ज्य, दिवा लावल्याशिवाय जेवायला बसायचं नाही, आणि मागणं मागायचं ते एकटीने, हलक्या आवाजात. या नोव्हेंबरात तिने संत मरीनेकडे एकच मागितलं होतं, अगदी नाव घेऊन. माझ्या मिर्सिनीची शाळा बंद होऊ देऊ नकोस. उघडी राहिली तर यंदाच्या पहिल्या तेलाचा डबा तुझ्या देवळात चालत आणून पोचवीन, वाटेत कुठेही जमिनीला न टेकवता.

संत मरीना लेकरांची कैवारी. तिचं लहानसं देऊळ ऑलिव्हच्या मळ्यांच्या वर, डोंगराच्या खांद्यावर होतं. दिव्याला तेल गावातूनच जायचं.

मिर्सिनी पहिलीत होती. दोन्ही कानांमागे ऐकायची यंत्रं. डॉक्टरांनी बजावलं होतं की हिला पुढचा बाक द्या आणि बाईंनी हिच्याकडे तोंड करून बोलावं. त्या बाकासाठी आसिमीना सप्टेंबरात हेडमास्तरांच्या दारात ठाण मांडून बसली होती. बाक मिळाला. तरी पोरीला अक्षरं काही लागेनात. प आणि त तिला एकच. वर्गातली बाकीची मुलं शब्दांवर गेली आणि ही अजून अक्षरांपाशीच अडलेली. “येईल हो, वेळ द्या,” असं बाई म्हणत. वेळ द्यायला आसिमीना तयार होती, पण सरकार तयार दिसेना. साथीमुळे मोठ्या मुलांच्या शाळा आधीच बंद झाल्या होत्या, आता लहानांची पाळी, असं सगळे म्हणत होते. आणि पडद्यावरची शाळा म्हणजे काय ते तिने वसंतात पाहिलं होतं. तेव्हा मिर्सिनी बालवाडीत होती. टॅबलेटवर ससे नाचायचे, मागून पत्रा बडवल्यासारखं गाणं वाजायचं आणि मिर्सिनी पडद्याकडे पाठ करून मांजराशी खेळत बसायची. आता तसंच झालं तर पोर जी मागे पडेल ती पडेलच.

सहा वाजले की सगळं गाव टीव्हीपुढे. आधी आकडे, मग नकाशा, मग टाय लावलेला एक गृहस्थ म्हणायचा, “शाळांबाबत परिस्थितीचा आढावा घेणं चालू आहे.”

“कालही आढावाच घेत होता हा,” सासरे थोदोरोस खुर्चीतून म्हणाले. खाणीतल्या धुळीने त्यांची छाती पार खाल्ली होती. चार शब्द बोलले की दम घ्यायला थांबावं लागे. “एवढा विचार मी लग्नाआधी केला असता, तर आज सुखात असतो.”

“करा की आता,” सासूबाई पोलिक्सेनी विणकामातून मान वर न करता म्हणाल्या. “मी कुठे अडवलंय?”

तिकडे पहिलीच्या पालकांचा ग्रुप पेटलेला असायचा. स्तेलिओसच्या वडिलांकडे रोज एक पक्की खबर असे.

“पक्की खबर आहे. सोमवारपासून बंद. माझा मेव्हणा मंत्रालयात आहे.”

“तुमचा मेव्हणा पार्किंगमध्ये आहे.”

“पार्किंग मंत्रालयाचंच आहे.”

“सोमवारी मी सुट्टी काढू की नको? कुणीतरी एक काय ते सांगा.”

“अहो, फळांच्या चित्रांचा गृहपाठ उद्या द्यायचा का परवा?”

त्यावर हात जोडलेल्या चित्रांची रांग. आसिमीना फोन पालथा घालायची आणि दोन मिनिटांनी पुन्हा सुलटा करायची. शेवटी न राहवून तिने हेडमास्तरांना फोन लावला.

“सर, तुम्हाला तरी काही कळलं का?”

“आसिमीनाबाई, मलासुद्धा तुमच्यासारखं टीव्हीवरूनच कळतं,” हेडमास्तर थकलेल्या आवाजात म्हणाले. “फरक एवढाच, तुम्हाला टीव्ही बंद करता येतो. मला बायको करू देत नाही.”

“पण काहीतरी ठरत असेल ना! पोरांना वह्या आणायच्या, टॅबलेट आणायचा, की काय करायचं?”

“दोन्हीची तयारी ठेवा.”

“दोन्हीची म्हणजे?”

“म्हणजे शाळेचीपण ठेवा आणि शाळा नसल्याचीपण.”

तिने नमस्कार म्हणून फोन ठेवला. आवाज चढवायची तिला सवय नव्हती, त्यामुळे राग सगळा हातात उतरायचा. त्या संध्याकाळी कांदे इतके बारीक चिरले गेले की रश्शात सापडेनात.

दुसऱ्या दिवशी घाण्यावरून पहिलं तेल आलं. आसिमीनाच्या नवऱ्याने, लेफ्तेरीसने, मोठे डबे कोठीत लावले आणि दरवर्षीसारखा एक लहान डबा दाराशी वेगळा ठेवला. हिरवंगार, घशाला झोंबणारं तेल. आसिमीना मिर्सिनीला शाळेतून घेऊन आली, तर सासूबाई खाली बसून तोच डबा पुसत होत्या. पुसून झाल्यावर त्यांनी त्याच्या कडीला पांढरी फीत बांधली.

“आई, तो डबा राहू द्या.”

“का बरं?”

“कामाचा आहे.”

“माझ्याही कामाचाच आहे.”

“तुमचं काय काम?”

“तुझं काय?”

फीत कशाची ते आसिमीनाला न सांगता कळलं. नवसाच्या वस्तूलाच अशी फीत बांधतात.

“आई, तुम्ही संत मरीनेला बोललात?”

“बोलले असेन.”

“काय बोललात?”

“असं सांगतात का कुणी?” सासूबाई उठायला गेल्या, गुडघा धरून पुन्हा बसल्या, आणि मग त्यांचाच धीर सुटला. “शाळा बंद होऊ दे म्हटलं! हो, म्हटलं. पोर रोज वीस पोरांत जाते आणि घरी येऊन आजोबांच्या मांडीवर चढते. त्यांची छाती तुला ठाऊक नाही? शाळा बंद झाली तर पहिलं तेल तुझं, असं बोलले मी.”

“अहो, पण तेच तेल मी उघडी राहावी म्हणून बोलले आहे!”

हे मात्र आसिमीना ओरडली. आईने सांगितलेली वाच्यता अशी दारात, अंगणभर झाली. मिर्सिनीने एकदा आईकडे पाहिलं, एकदा आजीकडे, आणि कानांमागची यंत्रं हळूच बंद करून मांजर उचललं.

“मग मी नुसती हातावर हात ठेवून बसू?” सासूबाई म्हणाल्या. “तुझ्या पोरीला अक्षर उशिरा येईल. माझ्या माणसाला श्वास उशिरा आला तर?”

याचा आढावा टाय लावलेल्या गृहस्थानेही घेतला नसावा.

आतून सासऱ्यांच्या हसण्याचा आणि खोकण्याचा एकत्र आवाज आला. “एक डबा आणि दोन गिऱ्हाइकं! अगं, ती संत म्हणेल, आधी तुमच्या घरात ठरवा... मग या माझ्याकडे.”

“तुम्ही बोलू नका, दम लागेल,” दोघी एकदम म्हणाल्या.

शनिवारी निर्णय आला. सोमवारपासून लहानांच्या शाळाही बंद, वर्ग पडद्यावर, तूर्त दोन आठवडे, पुढे आढावा घेतला जाईल. स्तेलिओसच्या वडिलांनी लिहिलं, “बघा! मेव्हणा!” सासूबाईंनी क्रुसाची खूण करायला हात उचलला, कपाळापर्यंत नेला, आणि सुनेचा चेहरा बघून तसाच खाली घेतला. जिंकल्याचा एक शब्द त्यांनी काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

“सोमवारी नेते मी डबा,” एवढंच त्या म्हणाल्या.

“न्या.”

त्या संध्याकाळी आसिमीनाने दिवा लावला, वात सारखी केली आणि तसबिरीकडे न बघताच पानं वाढायला गेली.

सोमवारी सकाळपासून टॅबलेटवर एक चक्र फिरत होतं. पासवर्ड चुकला. मग बरोबर आला तर शाळाच सापडेना. सगळ्या देशाची पोरं एकाच दारातून आत शिरत होती म्हणे. ग्रुपवर “आत गेलात का?” “नाही, तुम्ही?” एवढंच चाललेलं.

“मी मळ्यात जाऊन येतो,” लेफ्तेरीस टोपी शोधत म्हणाला.

“तुम्हाला बरा ऐन वेळी मळा आठवतो.”

“ऑलिव्ह थांबत नाहीत गं.”

“पोरगीही थांबत नाही. जा, जा तुम्ही.”

सासूबाई टॅबलेट मिरवणुकीतल्या तसबिरीसारखा दोन्ही हातांनी छातीशी धरून उभ्या होत्या, कारण खिडकीपाशी सिग्नल बरा येतो असं त्यांना कुणी सांगितलं होतं. मिर्सिनी हाताची घडी घालून, ओठ घट्ट मिटून बसली होती. आसिमीनाला वसंतातले ससे दिसायला लागले.

मग एकदम ते दार उघडलं. पडद्यावर चौकोन उमटले. एकात नुसतं छत, एकात कुणाच्या आजीचा कान, एकात स्तेलिओसचे वडील ओरडताहेत, “माझा आवाज येतोय का? मला तुमचा येत नाहीये!” आणि मग तो सगळा पसारा बाजूला सरून एकच चेहरा मोठा झाला. गोल, जरा दमलेला, मागे स्वयंपाकघरातली भांडी. बाई स्वतःच्या घरात होत्या.

“सुप्रभात, मुलांनो.”

मिर्सिनीची घडी सुटली. ती पुढे झाली, इतकी पुढे की नाक टॅबलेटच्या काचेला लागलं.

“आई, ही कोण?”

“अगं, तुझ्या बाई.”

“नाही. बाईंना तोंड नसतं.”

“काय?”

“बाईंना इथे निळं असतं,” मिर्सिनीने नाकापासून हनुवटीपर्यंत हात फिरवला. “ह्या बाईंना तोंड आहे.”

पडद्यावर बाईंनी एक अक्षर दाखवलं, ओठ मिटले आणि फट्कन उघडले. मिर्सिनीने बोट त्या ओठांवर ठेवलं आणि तसेच स्वतःचे ओठ मिटून म्हणाली, “प.” दुसरं अक्षर आलं. या वेळी ओठ मिटले नाहीत, जीभ दातांमागे गेलेली दिसली. “त,” मिर्सिनी म्हणाली, आणि आईकडे वळून, जणू आईनेच इतके दिवस लपवून ठेवलं होतं अशा सुरात, “वेगळे आहेत!”

दोन महिने. दोन महिने पोर पुढच्या बाकावर बसून निळ्या कापडाकडे बघत होती. हेडमास्तरांच्या दारात बसून जो बाक मिळवला, तो त्या कापडाच्या अगदी समोरचा. डॉक्टर म्हणाले तोंड करून बोला, बाई इमानाने तोंड करून बोलल्या, आणि तोंड मास्कमागे. डॉक्टरांच्या, बाईंच्या, हेडमास्तरांच्या, कुणाच्याच ध्यानात आलं नाही. आणि आईच्या? आईने तर त्या कापडासाठी नवस केला.

“राणी, मला सांगितलं का नाहीस?”

“मला वाटलं, शाळेत असंच असतं,” मिर्सिनी म्हणाली. “श्श. बाई बोलताहेत.”

सासूबाईंनी टॅबलेट धरलेले हात मुळीच हलवले नाहीत. वर्ग संपेपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या. संपल्यावर खांदे चोळत त्या हळूच म्हणाल्या, “मी हे मागितलं नव्हतं गं. मी आपलं ह्यांच्यासाठी मागितलं.”

“आणि मी उलटं मागितलं.”

“मग तुझं मागणं काही फळलं नाही. तुझ्यावर काही बाकी नाही. संध्याकाळी जाते मी.”

“गुडघे बघा आधी. चढ आहे.”

“बघते.”

दुपारी जेवण आटोपल्यावर घर आडवं झालं. सासरे खुर्चीत डोळे मिटून होते. मिर्सिनी मांजरापुढे बसून त्याला ओठ मिटून दाखवत होती. सासूबाई कोचावर पडल्या होत्या. झोप लागली की त्या घोरतात. आज घोरत नव्हत्या.

फोन थरथरला. ग्रुपवर कुणीतरी विचारलं होतं, शाळा परत कधी उघडणार? स्तेलिओसच्या वडिलांनी लगेच लिहिलं होतं, “पक्की खबर आहे.” आसिमीनाने पुढचं वाचलं नाही. उघडली की बाई पुन्हा निळ्या होणार. न उघडली तर पोर चार भिंतींत वाढणार. आता यात नाव घेऊन काय मागायचं? शाळा उघडी ठेव म्हटलं होतं, तिने मनातच संत मरीनेला सुनावलं. स्पष्ट म्हटलं होतं. तुला ऐकू येतं की नाही? पण पोरीला प आणि त तर आज वेगळे कळले होते, आणि बोललेलं फेडायलाच हवं होतं.

टाळेबंदीत बाहेर पडायचं तर सरकारला फोनवरून आकडा पाठवावा लागे. दोन म्हणजे दुकान, चार म्हणजे कुणाच्या मदतीला, सहा म्हणजे व्यायाम. नवसाला आकडा नव्हता. तिने सहा पाठवला. परवानगी ताबडतोब आली. एवढ्या दिवसांत सरकारने काही लगेच ठरवलं असेल तर ते हेच.

तिने डोक्याला रुमाल बांधला, मास्क चढवला आणि डबा उचलला. सासूबाईंनी बांधलेली पांढरी फीत कडीला तशीच होती. सोडायला तिचा हात गेला, पण तिने ती राहू दिली. दार तिने पाठीने लोटलं, कारण दार लावायला डबा खाली ठेवावा लागला असता, आणि मळ्यांच्या कडेकडेने चढ चालायला लागली.