दाराची घंटा वाजवू नका

जपानमधल्या आवाजी नावाच्या बेटाच्या पश्चिम काठावर हिवाळ्यात समुद्रावरून जो वारा येतो, त्याला उदबत्तीच्या कारखान्यातली माणसं घरच्या वडीलधाऱ्यासारखी वागवतात. त्याला कुणी हाक मारत नाही. पहाटे वाळवणीच्या खोलीच्या झडपा उघडायच्या आणि तो येईल तसा येऊ द्यायचा. बावीस वर्षं पाहूनही फुमिएला त्याचं नवल सरलं नव्हतं. न दिसणाऱ्या हातांनी कुणी लाखो काड्या अलगद सुकवतं, आणि एकही मोडत नाही!

तिच्याकडे पुडे पाठवण्याचं काम होतं. वर्षभरात ज्या घरात माणूस गेलं, ते घर डिसेंबर लागायच्या सुमाराला सगळ्यांना पत्र धाडतं: यंदा सुतक आहे, नववर्षाच्या शुभेच्छा नकोत. मग सगेसोयरे शुभेच्छांऐवजी उदबत्तीचा पुडा पाठवतात. पुडा केव्हा आलेला चालेल, हे त्या घरातून कुणीतरी ईमेलवर कळवतं आणि त्याखाली दोन ओळी लिहितं. त्या ओळी फुमिए नाव-गावासह वहीत उतरवून घ्यायची. रोज सकाळी पुडे फिकट जांभळ्या कागदात बांधण्याआधी वही उघडायची, त्या दिवशीची नावं वाचायची, हात जोडायची. हा नेम तिनं कुणाला सांगितला नव्हता.

वर्षअखेरच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी सकाळीच मालक हिसानोरी कॉम्प्युटर काखेत मारून आला.

"फुमिएबाई, ते सगळे ईमेल द्या बरं. ओसाकाच्या जाहिरातवाल्या पोरांनी झकास पत्र बनवलंय. एक तारखेला सकाळी सातला जाईल."

पडद्यावर उगवता सूर्य होता, दोन करकोचे होते, नववर्षाच्या शुभेच्छा होत्या. खाली लाल अक्षरांत: तीस टक्के सूट.

"कुणाला जाणार, मालक?"

"सगळ्यांना! तीन हजार एकशे चाळीस. एका बटणात."

"ही सगळी सुतकातली घरं आहेत."

हिसानोरीनं जीभ चावली. "अरेच्चा, खरंच की. बरं, शुभेच्छा काढू, करकोचे उडवून लावू. नुसती सूट ठेवू."

"त्यांनी पत्ता पुड्यासाठी दिलाय, मालक. सूट कळवा असं कुणी म्हटलं नाही."

"अहो, सगळेच पाठवतात! मला रोज चाळीस येतात."

"वाचता?"

"कोण वाचतंय!"

वाळवणीच्या फळ्या उचलणारे तोकुझोकाका खोकल्यासारखं हसले. "म्हणजे न विचारलेलं सांगायचं, तेही न ऐकणाऱ्याला. आमच्या सासूबाई गेल्या नसत्या तर या कामाला तुम्हाला फुकटात मिळाल्या असत्या."

"हसा," हिसानोरी चिडला. "फेब्रुवारीत मागणी बसते. गेल्या साली दोघांना घरी बसवावं लागलं. यंदा कुणाला बसवू, काका? तुम्हाला?"

काकांनी फळी खाली ठेवली. मालकाचं खोटं नव्हतं. हा शाळेतून दप्तर फेकून थेट वाळवणीत घुसायचा, तेव्हापासून फुमिए त्याला ओळखत होती. लोभी नव्हता तो, घाबरला होता.

"कारखाना तुमचा, यादी तुमची," ती हळू म्हणाली. "मी अडवणारी कोण? एकच मागते. पाठवण्याआधी ही वही वाचा. मोठ्यानं."

"सगळी?"

"जमेल तेवढी."

तिनं वही पुढे केली. हिसानोरी मासळीबाजारातल्या लिलावासारखा भराभर वाचू लागला.

"ओकुदा, तोत्तोरी. संध्याकाळी सहानंतर या. इशिवारी, कोची. जास्त धुराची नको, त्यांच्या मागे राहिलेल्या मांजराला खोकला आहे. ते आता आमच्याकडे असतं. हामासाकी, नागासाकी. दाराची घंटा वाजवू नका. आई अजून बाबाच आले असं समजून उठते."

हिसानोरीनं ती ओळ पुन्हा वाचली, या वेळी मनातल्या मनात. मग पान उलटलं, पण आता सावकाश, कुणी झोपलेलं असावं तसं.

"कुवाहारा, मात्सुए. दुधाच्या वासाची उदबत्ती असते का? तो आठ महिन्यांचा होता."

हिसानोरीनं मान वर केली. "ही... ही मी केली होती. या महिन्याच्या सुरुवातीला. दुधाचा वास कसला मागतात, म्हणून मी कुरकुरलो होतो. तीनदा मिश्रण बिघडलं. कुणासाठी ते तुम्ही बोलला नाहीत."

"तुम्ही विचारलं नाहीत."

त्याच नावाखाली दुसऱ्या शाईत आणखी एक ओळ होती. ती वाचताना त्याचे ओठ नुसते हलले. 'पोचली. वास तसाच आहे. आज बायको झोपली.'

हिसानोरी वही समोर धरून जमिनीवर गुडघे टेकून बसला. या ओळी फुमिएनं कितीदा वाचल्या होत्या. पण ज्या हातांनी ती उदबत्ती वळली, त्याच हातांत आज ती वही होती. कुठलं घर, कुठलं बाळ, कुठला हा माणूस, आणि मध्ये एक बोटभर काडी! कोण जोडतं हे सगळं?

"पहिल्या तारखेला सकाळी सात," हिसानोरी म्हणाला. "तीन हजार दारांवर एकदम घंटा वाजवणार होतो मी."

त्यानं ओसाकाला फोन लावला. "नाही पाठवायचं. हो, सूटसुद्धा नाही. पैसे घ्या तुमचे, पण पत्र नको." पलीकडचं बरंच ऐकून तो इतकंच म्हणाला, "त्यांनी आपल्याला बोलावलेलं नाही, बाळा."

फोन ठेवल्यावर त्याचा चेहरा पुन्हा उतरला. "पण फेब्रुवारी?"

"पुड्यात एक चिठ्ठी घालू," फुमिए म्हणाली. "आमचं पत्र यावंसं वाटलं तर कळवा. नाही कळवलंत तर आम्ही गप्प राहू."

"किती जण कळवतील?"

"ते मला कसं ठाऊक? आपण झडप उघडायची, मालक."

तोकुझोकाका फळ्यांआडून म्हणाले, "आणि मला बसवायचंच झालं तर आधी सांगा. बायकोला मनाची तयारी करायला वेळ द्यावा लागेल."

यावर हिसानोरी हसला, पण उठला नाही. शेवटचे पुडे बांधायचे म्हणून फुमिएनं जांभळा कागद काढला, दोन्ही हात जोडले आणि वहीसाठी हात पुढे केला. त्यानं वही दिली नाही. तिच्याकडे पाहून त्यानंही हात जोडले, अवघडल्यासारखे.

"कुठवर आलो होतो?" त्यानं विचारलं.

"कुवाहारा."

त्यानं बोट त्या नावाखाली ठेवलं आणि पुढचं नाव वाचलं, हळू, एकेक अक्षर नीट उच्चारून.