भरीत पार्टी

भरीत खाऊन कुणाचा पगार वाढल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. पण रावेरजवळच्या आमच्या केळीच्या पॅकिंगच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं तोच हिशेब चालला होता. दिवसाची मजुरी ठरलेली, सुट्टी पाचला. मात्र दारात कंटेनर उभा असला की तो भरेपर्यंत कुणी हलायचं नाही. त्या जादा तासांचं काय, असं विचारलं की शेडचे मालक कुंदनभाऊ हसायचे. घरच्या माणसांत असं मोजतात का, म्हणायचे. आणि हिवाळ्यात एका रविवारी शेतात सगळ्यांना भरीत-पुरी खाऊ घालायचे.

गंमत म्हणजे ती पार्टी आम्हीच करायचो. कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजायची, सोलायची, ठेचायची, पुऱ्या लाटायच्या, शेवटी भांडीही घासायची. सुट्टीचा दिवस चुलीपुढे घालवायचा आणि निघताना भाऊंचे आभार मानायचे. आमच्याइतक्या शहाण्या बाया शोधून सापडणार नाहीत!

कुंदनभाऊ माणूस वाईट नव्हता. दुखण्याखुपण्याला धावून यायचा, लग्नाला हजर असायचा. म्हणूनच तर तोंड उघडायचं अवघड. माझा भाऊ नवल जळगावला कंपनीत आहे. त्यानं सांगितलं, ताई, जादा तासांना दुप्पट मजुरी असते, तो तुमचा हक्क आहे. मी ते शेडमध्ये बोलले. सगळ्या पुन्हा खोकी भरायला लागल्या. कुंदनभाऊ चिडले आणि बाहेरून दुसरी टोळी आणली तर खायचं काय, ही भीती मलाही होतीच. आमच्यातल्या सगळ्यात जुन्या धुरपदा अक्का तेवढ्या म्हणाल्या, मी विचारते.

त्यांनी विचारलं. भाऊ म्हणाले, अक्का, यंदा पार्टी जोरात करू.

त्या रविवारी आम्ही वीसेक जणी शेतात पोचलो. निंबाखाली सतरंजी अंथरलेली होती, चुलीपाशी वांग्यांचं पोतं. मी पदर खोचून चुलीकडे निघाले, तर अक्का सरळ सतरंजीवर जाऊन बसल्या आणि मलाही हात धरून खाली बसवलं. मग एकेक करत सगळ्याच बसल्या.

भाऊंनी थोडा वेळ वाट पाहिली. मग विचारलं, "अक्का, चूल पेटवायची ना?"

"भाऊ, घरच्या मानसाईले जेवाले बोलावलं ना तू?" अक्का शांतपणे म्हणाल्या. "मंग आमी जेवाले आलो."

सवयीनं माझे हात शिवशिवत होते. भाऊंनी आचाऱ्याला फोन लावला, तो लग्नात अडकलेला. शेवटी स्वतःच काड्या पेटवायला बसले. त्यांची बायको दिपमाला वहिनी दरवर्षी जेवायच्या वेळी गाडीतून यायची. त्या दिवशी तिला लवकर बोलावून घेतलं.

आम्ही बसून पाहत होतो. मजा वाटत नव्हती, खोटं कशाला सांगू. धुरानं वहिनीचे डोळे लाल झाले, गरम वांगी सोलताना बोटं भाजली. पुऱ्या लाटता लाटता तिची पाठ धरली. मला दोनदा उठावंसं वाटलं, पण अक्कांचा हात माझ्या गुडघ्यावर होता.

ऊन कलायला लागलं तेव्हा कुठे पानं मांडली गेली. वहिनी वाढता वाढता थांबली आणि सगळ्यांसमोर नवऱ्याला म्हणाली, "दरवर्षी हे सगळं या बायाच करायच्या? आणि तुम्ही मला सांगायचात, मी त्यांना पार्टी दिली म्हणून."

भाऊ पुऱ्यांचं ताट घेऊन उभेच राहिले. त्यांचा चेहरा उतरला होता. मग ताट खाली ठेवून ते अक्कांपुढे येऊन बसले.

"उद्यापासून पाचनंतरचे तास वेगळे धरतो, अक्का. दुप्पट."

"आन आधी भरलेल्या कंटेनरचे?"

भाऊंनी वहिनीकडे पाहिलं. ती भाजलेल्या बोटांवर फुंकर घालत होती.

"तेही," ते म्हणाले.

मला रडू आलं, ते मी धुरावर ढकललं. भरीत करपलं होतं, मीठ टाकायचं तर दोघंही विसरले होते. अक्कांनी ते निवांत खाल्लं आणि वहिनीला हाक मारून आणखी मागून घेतलं.