उसातला बिबट्या

दुपारच्या सुट्टीत नागेशनं डब्याआधी मोबाइल उघडला. शारजाच्या औद्योगिक भागातल्या एका गॅरेजात तो ट्रकचे रेडिएटर दुरुस्त करायचा. जगात काय चाललंय याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. शेजारी जेवणारा अन्वर फक्त व्हिसाच्या बातम्या बघायचा, कारण त्याला बायकोला इकडे आणायचं होतं. नागेश बघायचा बिबट्याच्या. गावाकडे उसात बिबट्या शिरल्यापासून तालुक्याच्या चॅनलवरचा एकही व्हिडिओ त्यानं सोडला नव्हता. त्याची बायको सगुणा मुलीला घेऊन मळ्यातच राहत होती.

तिला विचारलं की ती म्हणायची, तो लांब आहे, नदीपलीकडं. मग गाईचं, मुलीच्या शाळेचं सांगत बसायची. नागेशचं मन भरायचं नाही. फोन ठेवला की पुन्हा चॅनल. नवं काही नसलं तर जुनीच बातमी परत. हातातलं काम चुकायला लागलं होतं. फोरमन हम्मादनं समजही दिली होती.

आज नवा व्हिडिओ होता. माइक धरलेला माणूस, आणि समोर डोक्यावर पदर घेतलेली सगुणा. मागे त्यांचाच गोठा. बिबट्यानं कालवड धरली होती आणि सगुणानं फावडं घेऊन त्याला हाकललं होतं. पिंजरा कधी लावणार, शेतीला दिवसा वीज का देत नाही, असं ती थेट कॅमेऱ्याकडे बघून विचारत होती. नागेशसमोर ती इतकी सलग कधी बोलली नव्हती.

त्यानं लगेच फोन लावला.

"मला का न्हाई सांगितलं?"

"सांगून काय केलं असतं तुम्ही? तिथनं पळत आला असता?"

"तुला लागलं का कुठं?"

"न्हाई ओ. कालवड तेवढी ओरबाडली."

भावाकडे गावात जाऊन राहा, असं त्यानं विनवलं. गुरांना पाणी कोण दावील, असं तिनं विचारलं. मग हळू आवाजात म्हणाली, "त्या बातम्या बघत जाऊ नका. मलाच इचारा. आता खरं ते सांगत जाईन."

"क्या हुआ, भाई?" अन्वरनं विचारलं.

नागेशनं मोबाइल त्याच्यापुढे धरला. "मेरी घरवाली."

अन्वरला मराठी कळत नव्हती, तरी घास हातात तसाच ठेवून तो शेवटपर्यंत बघत राहिला. नागेशही पुन्हा बघत होता. या खेपेला बिबट्याचं काही त्याच्या कानात शिरलं नाही. बोलता बोलता सगुणानं पदर सावरला, तेव्हा तिचा डावा हात दिसला. मनगटापासून कोपरापर्यंत पांढरी पट्टी.

त्यानं परत फोन लावला नाही. त्या हातावर अंगठा ठेवला, आणि चित्र तिथेच थांबलं.